बारा ते तीन, दार बंद

विठ्ठलवाडी स्टेशनच्या पूर्वेला, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत, कृपा उपासना मंदिर नावाचं एक बैठं चर्च आहे. गुड फ्रायडेला तिथलं दार बाराच्या ठोक्याला बंद होतं आणि तीनला उघडतं. मधल्या वेळेत कुणी आत येत नाही, कुणी बाहेर जात नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या कुणा पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, ही शिस्त घातली. पाळक बदलत गेले, शिस्त राहिली, कारण दाराची कडी भिवाकाकांच्या ताब्यात होती आणि भिवाकाका बदलले नाहीत.

या तीन तासांत सात वक्ते बोलतात. वधस्तंभावरून येशूने उच्चारलेली सात वाक्यं, एकेका वक्त्याला एकेक. कुणाला कुठला उद्गार हे आदल्या रविवारी दानाच्या पिशवीतून चिठ्ठ्या काढून ठरतं. वक्त्यांच्या सात खुर्च्या वेदीच्या पायरीवर, मंडळीकडे तोंड करून मांडलेल्या असतात. म्हणजे वक्त्याला डुलकीसुद्धा घेता येत नाही.

सुहासिनीबाई शिरसाठ चौथ्या खुर्चीवर बसल्या होत्या. ठाण्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं स्टेनो म्हणून नोकरी, निवृत्तीनंतर नऊ वर्षं या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेक्रेटरी. मांडीवर लघुलिपीची वही होती, कारण सातही भाषणांची नोंद वार्षिक अहवालासाठी त्याच घेत. वहीखाली प्लॅस्टिकची फाइल होती आणि फाइलमध्ये वर्तमानपत्रांची सात कात्रणं.

कात्रणांवरून मंडळीत त्यांची थट्टा चाले. चिठ्ठीत क्षमेचा उद्गार येवो नाहीतर तहानेचा, बाई दहा मिनिटांत ढासळत्या नीतिमत्तेवर पोचत. वृद्ध आईला बसस्टॉपवर सोडून गेलेला मुलगा, कॉपी पुरवणारे पालक, लग्नाच्या वरातीत नाचणारी आपलीच ख्रिस्ती पोरं. गेल्या वर्षी त्यांनी ‘पत्रापुरते ख्रिस्ती’ असा शब्द काढला होता. पोराला मिशनच्या शाळेत घालायचं असलं की यांना पाळकांचं पत्र आठवतं, एरवी रविवारी मॉल आठवतो, असं त्या म्हणाल्या होत्या. मागच्या बाकांवर चार जण हसले होते आणि दोन जण खाली बघत होते.

‘‘बाई, यंदा किती कात्रणं?’’ दुसऱ्या खुर्चीवरच्या प्रभाकरराव त्रिभुवनांनी बारा वाजायच्या आधी वाकून विचारलं होतं.

‘‘सात.’’

‘‘म्हणजे मी पाच मिनिटं जास्त घेतली तरी चालेल. तुमचं कसं, एक वगळलं तरी जग बिघडलेलंच राहतं.’’

सुहासिनीबाई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष समोरच्या तिसऱ्या बाकाकडे होतं. तिथे चार वर्षांची संचिता एकटी बसली होती. तिची आई दर्शना भालेराव आज प्रथमच वर, तिसऱ्या खुर्चीवर, सुहासिनीबाईंच्या उजव्या कोपराला लागून बसली होती. महिला मंडळाने तिचं नाव दिलं होतं. आणि शेवटून दुसऱ्या बाकावर सलिल, सुहासिनीबाईंचा मुलगा, बायको अंतरा आणि छोटी सान्वी. ती तिघं बरोबर पावणेबाराला आली होती. सलिलने आईला अंगठा दाखवला होता.

भिवाकाकांनी कडी घातली. सव्वाबाराला लाइट गेली. या भागात शुक्रवार हा दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा वार; कारखाने त्याच दिवशी बंद असतात. सुट्टीच्या दिवशी तरी सोडतील असं वाटलं होतं, तसं झालं नाही. पंखे सावकाश फिरत थांबले. माइक गेला. वर सिमेंटचे पत्रे, बाहेर एप्रिलचं ऊन. दोनशे माणसांनी हातातल्या कार्यक्रमपत्रिकांनी वारा घ्यायला सुरुवात केली.

पहिले वक्ते चौदा मिनिटं बोलले. प्रभाकरराव बावीस. सुहासिनीबाईंची पेन्सिल चालत होती आणि डोकं दुसरीकडे होतं.

जानेवारीतली दुपार त्यांना रोजच आठवत होती. कल्याणमधल्या मिशनच्या शाळेत शिशुवर्गाला प्रत्येक मंडळीसाठी एक जागा होती. एकच. पाळकांनी एका कुटुंबाचं नाव कळवायचं. नियम साधा होता: गेल्या वर्षी ज्या कुटुंबाची रविवारची हजेरी सर्वांत जास्त, त्यांचं नाव. पाळकसाहेब, रेव्हरंड मुकुल आढाव, जूनमध्ये बदलून आलेले; त्यांच्याकडे खडवलीची मंडळीही होती, त्यामुळे ते इथे एक रविवार आड येत. हजेरीची वही सुहासिनीबाईंकडे. त्या सांगतील ते नाव, त्या टाइप करतील ते पत्र, पाळकांची सही.

‘‘आई, फॉर्मॅलिटी आहे गं,’’ सलिल फोनवर म्हणाला होता. ‘‘दुसरीकडे ट्राय केलं, कुठेच नाही लागलं. सान्वी तुझी नात आहे की नाही?’’

‘‘तू वर्षात चार वेळा आलास, सलिल.’’

‘‘मग आता येऊ. पुढच्या वर्षी सगळे रविवार. तुला कोण विचारणारे?’’

ते खरं होतं. त्यांना कोण विचारणार? त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडली. आधी दर्शनाच्या खुणा मोजल्या: बावन्नपैकी एकोणपन्नास. मग सलिलच्या ओळीत, चारच्या पुढे, शेहेचाळीस खुणा भरल्या. एकूण पन्नास. एकाने जास्त. पेनं तीन वापरली, शाई वेगवेगळी दिसावी म्हणून. बत्तीस वर्षं खोट्या कागदांच्या केसेस टाइप केलेल्या बाईला एवढं माहीत होतं.

काहीतरी आडवं येईल असं त्यांना वाटलं होतं. कुणी बेल वाजवेल, फोन येईल, गॅसवरचं दूध तरी उतू जाईल. दूध उतू गेलं नाही. शेहेचाळिसावी खूण पहिल्यासारखीच सुबक आली. तेव्हापासून त्यांना प्रार्थना करता येत नव्हती. शब्द येत, पण ते भिंतीशी बोलल्यासारखे वाटत. तो सगळं पाहतो असं त्या साठ वर्षं ऐकत आल्या होत्या. मग पाहून तो गप्प का बसला? की तिथे कुणी नव्हतंच?

फेब्रुवारीत दर्शना त्यांच्या घरी आली होती. जीन्सचे धागे कापून बोटांच्या टोकांना निळा रंग चढलेला. ‘‘बाई, संचिताचं नाव नाही लागलं. का, ते कळेल?’’

नाव कुणाचं गेलं हे जाहीर करायचं नाही, कुणाची मनं दुखवायची नाहीत, असा ठराव सुहासिनीबाईंनीच डिसेंबरच्या सभेत मांडला होता. त्यांनी दर्शनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘देवाची वेळ असते, दर्शना. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.’’

दर्शना मान हलवून गेली होती.

आता दुसऱ्या भाषणानंतरचं गीत संपलं होतं आणि ती उठली होती. तिसरा उद्गार: मरणाऱ्या मुलाने आपली आई शिष्याच्या हाती सोपवली, तो. माइक नव्हता, त्यामुळे पहिलं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही.

‘‘मोठ्याने, सिस्टर,’’ मागून कुणीतरी म्हणालं.

‘‘माझं शिक्षण सातवी,’’ दर्शना मोठ्याने म्हणाली. ‘‘चुकलं तर सांभाळून घ्या. आईबद्दल बोलायचंय म्हणून मी माझंच सांगते. दुसऱ्याचं मला येत नाही.’’

सुहासिनीबाईंनी नवं पान उलटलं.

‘‘आमची संचिता मिशनच्या शाळेत जावी म्हणून मी देवाला मागितलेलं. आधीचे पाळकसाहेब म्हणालेले हजेरीवर आहे, म्हणून मी मोजत आले. आमचा कारखाना रविवारी चालू असतो. शेठ म्हणायचा, तुझा देव शुक्रवारी का नाही बसत? सुट्टी आहे तेव्हा जा की. मी म्हटलं, शेठ, त्याचा शुक्रवार वर्षातून एकदाच असतो.’’

मंडळी हसली. पाळकसाहेबही हसले. पेन्सिलने तेही टिपलं.

‘‘एकोणपन्नास रविवार आले मी. तीन नाही आले, तेव्हा हिला कावीळ झालेली. तर नाव नाही लागलं. मग मला राग आला. कोणावर? देवावर. खोटं कशाला बोलू, देवळात उभी आहे. तीन आठवडे मी प्रार्थना नाही केली. जेवताना पण नाही. ही पोर म्हणाली, आई, तू डोळे नाही मिटलेस. मी म्हटलं, मिटून काय होणारे, जेव तू.’’

वारा घेणाऱ्या कार्यक्रमपत्रिका थांबल्या होत्या.

‘‘मी उत्तर मागायला बाईंकडे गेले, आपल्या शिरसाठबाईंकडे. त्यांनी मला हाकललं नाही. त्या म्हणाल्या, देवाची वेळ असते. मग मी घरी येऊन त्याला म्हटलं, बरं, तुझी वेळ. पण मला एवढंच सांग, त्या तीन रविवारांमुळे का? पोर तापाने पिवळी पडलेली, तिला टाकून यायला पाहिजे होतं का मी? तू तुझ्या आईची सोय केलीस मरताना. मग आईचं तुला कळायला पाहिजे. रोज विचारते. अजून नाही सांगितलं त्याने. पण मी पुन्हा बोलायला लागले त्याच्याशी, ते बाईंमुळे. म्हणून बाईंचे आभार. एवढंच.’’

ती बसली. तिच्या साडीचा काठ सुहासिनीबाईंच्या पायावर आला. दर्शनाने तो ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, ‘‘जास्त बोलले का, बाई?’’

‘‘नाही.’’

गीत सुरू झालं. चार कडवी. सुहासिनीबाईंनी वहीकडे पाहिलं. सगळं आलं होतं, एक शब्द सुटला नव्हता. कोर्टात साक्षीदार बोलतो ते उतरवायचं. खरं की खोटं, आपलं की परक्याचं, हे स्टेनोच्या बोटांना ठाऊक नसतं. आज पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या बोटांची भीती वाटली.

सोमवारी शाळेत मूळ कागद तपासले जाणार होते. हजेरीच्या वहीसह. त्यानंतर जागा कायम. आजचं भाषण दहा मिनिटांचं. कात्रणं वाचायची, बसायचं, मग पाचवा, सहावा, सातवा. सान्वीचा गणवेश शिवून झाला होता. सलिल मागे बसला होता, ठरल्याप्रमाणे, चर्चला यायला लागलेला सलिल. काहीही करावं लागणार नव्हतं. जानेवारीतही काही झालं नव्हतं, आजही काही होणार नव्हतं.

त्यांना उठून बाहेर जावंसं वाटलं. दाराशी स्टुलावर भिवाकाका बसले होते, कडीला पाठ लावून.

दुसरं कडवं संपलं. संचिता बाकावर गुडघे दुमडून आईकडे बघत होती. त्या तीन रविवारांमुळे का? ही बाई रोज तेच विचारत होती, आणि ज्याला विचारत होती त्याच्याकडे उत्तर असणार तरी कसं? त्या खुणा त्याच्या घरात झाल्या नव्हत्या.

गीत संपलं. पाळकसाहेब म्हणाले, ‘‘चौथा उद्गार, सुहासिनीबाई शिरसाठ.’’

प्रभाकररावांनी बसल्या बसल्या घड्याळ पाहिलं. एक वाजून एकोणतीस मिनिटं. बाईंनी फाइल खुर्चीवर ठेवली आणि लघुलिपीची वही घेऊन पुढे आल्या.

‘‘कोर्टात साक्ष झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवतात,’’ त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, कोरडा आणि शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. ‘‘चूक असेल तर तिथेच दुरुस्त होते. मी दर्शनाची साक्ष वाचते.’’

आणि त्यांनी वाचली. एकोणपन्नास रविवार. कावीळ. तीन आठवडे. मिटून काय होणारे. लोकांना वाटलं, बाई आता नीतिमत्तेवर येतील. कष्टकरी बाई कशी नियमित येते आणि शिकलेले कसे येत नाहीत. मागे सलिल फोन खिशात ठेवून सरळ बसला.

‘‘यात साक्षीदाराची चूक नाही,’’ वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या. ‘‘पण साक्षीदाराला खोटं सांगण्यात आलेलं आहे. ‘देवाची वेळ असते’ हे देवाने सांगितलेलं नाही, मी सांगितलं. दर्शना भालेराव, एकोणपन्नास. सलिल शिरसाठ, चार. सलिल माझा मुलगा. चाराचे पन्नास मी केले, नऊ जानेवारीला दुपारी, माझ्या घरी. पाळकसाहेबांना माहीत नव्हतं. पत्र मीच टाइप केलं. कावीळ झाली नसती, दर्शना बावन्न रविवार आली असती, तर मी त्रेपन्नावा काढला असता की काय, ते मला सांगता येत नाही.’’

पाळकसाहेब उभे राहिले.

‘‘बसा, साहेब. माझी अजून सहा मिनिटं आहेत.’’

ते बसले.

‘‘चौथा उद्गार म्हणजे एक प्रश्न आहे. पुत्र बापाला विचारतो, मला का सोडलंस? दरवर्षी आपण तो वाचतो आणि लगेच पुढच्या गीताकडे वळतो. मीही वळत आले. जानेवारीत मला वाटलं होतं, तो माझा हात धरेल. त्याने धरला नाही. तेव्हापासून वर कुणी आहे का, याची मला शंका आहे. ती घेऊन मी तीन महिने इथे पहिल्या बाकावर बसते, अहवाल वाचते, तुमच्या पोरांना बोलते. ही शंका मी कुणाला सांगितली नाही. आज त्याच्यापुढेच ठेवते, दुसरी जागा मला माहीत नाही. तो आहे की नाही, हे त्यालाच विचारायचं, म्हणजे वेडेपणा दिसतो. पण दर्शना तेच करते आणि ती वेडी नाही. तिचा प्रश्न मात्र त्याच्याकडे चुकून गेला. तो माझ्याकडे यायला हवा होता.’’

त्यांनी मागे खुर्चीवरच्या फाइलकडे पाहिलं. ‘‘कात्रणं सात आहेत. ती वाचत नाही.’’

त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. एक वाजून सदतीस मिनिटं. अजून एक तास तेवीस मिनिटं बाकी होती.

पुढचं गीत कुणी सुरू करेना. शेवटी प्रभाकररावांनीच खालच्या पट्टीत धरलं आणि लोक एकेक करत मागे आले. दुसऱ्या कडव्याला सलिल उठला. सान्वीला कडेवर घेऊन, अंतराचा हात धरून तो मधल्या वाटेने दाराकडे गेला.

‘‘काका, उघडा.’’

‘‘तीनला,’’ भिवाकाका म्हणाले.

‘‘अहो, लहान मुलगी आहे. गरम होतंय तिला.’’

‘‘पाणी देतो.’’ त्यांनी स्टुलाखालची बाटली काढून सान्वीपुढे धरली. ‘‘तीनला उघडतो, बाळा. तुझा बाप लहानपणी रडून थकला होता या दाराशी, त्यालाही उघडलं नव्हतं.’’

सलिल तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. दोनशे माणसांना मागे वळून बघायचं नव्हतं आणि पुढेही बघायचं नव्हतं. पाचवा वक्ता तहानेवर बोलला. त्याने तयार केलेल्या भाषणात ‘समाजात आज खोटेपणा वाढला आहे’ असं वाक्य होतं. तो तिथे अडखळला, आणि ते गाळून पुढे गेला. सुहासिनीबाई ते भाषण उतरवत होत्या. सहावंही उतरवलं. घामाने कागद बोटांना चिकटत होता. उजव्या कोपराशी दर्शना होती. तिने फक्त आपली खुर्ची चार बोटं बाजूला सरकवली. तीन तासांच्या त्या कोंडमाऱ्यात तेवढीच जागा होती.

प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा सुहासिनीबाईंनीही मिटले. आत काही आलं नाही. उत्तरही नाही, दिलासाही नाही. पण भिंत वाटली नाही. कुणीतरी ऐकून घेऊन गप्प बसलं आहे, एवढंच वाटलं, आणि त्याचीही त्यांना खात्री नव्हती.

तीनला घंटा झाली. कडी निघाली. उन्हाचा लोट आत आला आणि माणसं त्याच्याकडे अशी निघाली जशी काही बाहेर गारवा होता. कुणी बाईंना सलाम केला नाही. नेहमी करत.

सलिल वेदीच्या पायरीपर्यंत आला. ‘‘सोमवारी काय सांगू मी शाळेत?’’

‘‘तू काही सांगू नकोस. मी जाईन.’’

‘‘घरच्या घरी बोलली असतीस तर?’’

‘‘घरी मी शेहेचाळीस खुणा केल्या, सलिल.’’

‘‘सान्वीचा काय दोष यात?’’

‘‘काहीच नाही.’’

त्याने आणखी काही ऐकायची वाट पाहिली. मग वळला. अंतराने सासूकडे पाहिलंही नाही. सान्वीने बापाच्या खांद्यावरून हात हलवला, आजीने हलवला.

पाळकसाहेब म्हणाले, ‘‘समितीला बोलवावं लागेल, बाई. तुमच्या पदाबद्दल.’’

‘‘राजीनामा लिहून आणते. पण सोमवारच्या आधी नवं पत्र लागेल. वही इथेच कपाटात आहे.’’

ते किल्ली देऊन गेले. सुहासिनीबाईंनी हजेरीची वही काढली आणि पहिल्या बाकावर बसून उघडली. कोर्टाची पद्धत त्यांना ठाऊक होती: चुकीची नोंद खोडायची नाही, वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारायची, शेजारी छोटी सही आणि तारीख. शेहेचाळीस रेघा, शेहेचाळीस सह्या.

दर्शना समोर येऊन उभी राहिली. संचिता तिच्या पदराला धरून होती.

‘‘मी देवाला काय काय बोलले, बाई. तुम्हाला मी तिथे भाषणात सगळं सांगितलंसुद्धा नाही.’’

सुहासिनीबाईंनी वर पाहिलं. माफ कर, हे शब्द त्यांच्या तोंडाशी आले. ते फार सोपे वाटले म्हणून त्या थांबल्या.

‘‘सोमवारी पत्र मिळेल?’’ दर्शनाने विचारलं.

‘‘मिळेल. आत्ता वही दुरुस्त करते. तू जा, पोरीला भूक लागली असेल.’’

‘‘नाही.’’ दर्शना त्यांच्याशेजारी बसली आणि पोरीला मांडीवर घेतलं. ‘‘माझ्या डोळ्यांदेखत करा. मी मोजते.’’

सुहासिनीबाईंनी पहिली रेघ मारली, सही केली.

‘‘एक,’’ दर्शना म्हणाली.

भिवाकाका बाक पुसत येत होते. ‘‘दार उघडंच आहे, बाई,’’ ते म्हणाले.

एकोणीसवर असताना लाइट आली. पंखे कुरकुरत फिरले आणि वहीची पानं फडफडून उलटायला लागली. दर्शनाने निळ्या बोटांचा हात पानावर दाबून धरला.

‘‘पुढची,’’ ती म्हणाली.